ब्रेडचा पुडा नको, ताटल्यांची थप्पी पाहिजे : स्वतःचा स्टॅक क्लास कसा लिहायचा

रविवारी सकाळी भाच्याला घेऊन मिरजकर तिकटीकडं मिसळ खायला गेलो होतो. पोरगं इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कट यायच्या आधीच सुरू झालं, "मामा, जावात स्टॅक लिहायचा होता, लिहिला, चालतोय पण, तरी सर म्हणतात हा स्टॅकच नाय." मोबाईलवर कोड बघितला तर अ‍ॅरे (ओळीनं मांडलेले खाने) पब्लिक, मोजणी पब्लिक, म्हणजे कुणीपण यावं आणि मधल्या कुठल्याही खान्यात काहीपण कोंबून जावं. म्हटलं बाळा, सर बरोबर आहेत.

काउंटरवर धुतलेल्या ताटल्यांची थप्पी होती. पोऱ्या नवी ताटली वरच ठेवत होता, वाढणारा वरचीच उचलत होता, शेवटी ठेवलेली पहिली जाणार, झाला स्टॅक. आणि शेजारीच ब्रेडचा फोडलेला पुडा (कोल्हापुरात मिसळीबरोबर स्लाइस ब्रेडच, पावाचा विषय इथं काढू नका). पुड्यातली वरची कडक स्लाइस कुणालाच नको असते, ती सारून सगळे आतली ओढतात. पुडापण एकावर एक रचलेलाच असतो की, पण तो स्टॅक नव्हे, कारण मधे हात घालता येतो. भाच्याच्या डोक्यात इथं उजेड पडला. स्टॅकला काय काय करता येतं ते सगळे पाठ करतात, तो काय करू देत नाही ते बघायचं राहून जातं, आणि क्लास (माल आणि त्यावरची कामं एकत्र बांधणारा साचा) लिहायचा तो त्यासाठीच.

गंमत अशी की जावाचा स्वतःचा जुना स्टॅक क्लास ब्रेडचा पुडाच आहे. तो व्हेक्टर नावाच्या क्लासपासून एक्स्टेंड केलाय, म्हणजे त्याच्या सगळ्या मेथड आयत्या आल्यात, त्यामुळं इंडेक्स (खान्याचा क्रमांक) देऊन मधलं काढा, मधे घाला, सगळं चालतं. एका जुन्या नोकरीत आम्ही अन्डूसाठी तोच वापरलेला, टीममधल्या एकानं तळातली जुनी नोंद काढायला जाऊन इंडेक्स चुकवला आणि मधलीच उडवली, मग अन्डू दाबलं की एक पायरी गायब, अख्खा दिवस त्यात गेला. जावाच्या डॉक्युमेंटेशनमध्येच आता सांगितलंय की डेक वापरा, म्हणजे जावा ६ पासून आलेला अ‍ॅरेडेक वगैरे. तो दोन्ही टोकांनी उघडा असतो ते वेगळं. खऱ्या कामात तोच घ्या, पण शिकायला एकदा हातानं लिहाच.

सुरुवात क्लासपासून. आत दोनच गोष्टी, एक अ‍ॅरे आणि एक मोजणी, दोन्ही प्रायव्हेट. अ‍ॅरेला मी 'खाने' म्हणतो. जावाला व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात बरं का, फक्त कीवर्ड इंग्रजीत टाकायचे. मोजणी शून्यापासून सुरू, आणि ती एकाच वेळी दोन कामं करते: आत किती वस्तू आहेत ते सांगते आणि पुढची वस्तू कुठल्या खान्यात जाणार तेपण सांगते. बरेच जण 'टॉप' नावाचं व्हेरिएबल उणे एकपासून सुरू करतात, चुकीचं नाही, पण मग सगळीकडं एक मिळवा एक वजा करा चालतं आणि तिथंच गडबड होते.

पुश म्हणजे वर ठेवणं, ते सोपं आहे. अ‍ॅरे भरलाय का बघा, भरला असेल तर मोठा करा, मग वस्तू खाने[मोजणी] मध्ये ठेवा आणि मोजणी एकनं वाढवा. मोठा करताना मात्र एकेक खाना वाढवू नका. दहा खान्यांपासून सुरू करून हजार वस्तू पुश केल्या आणि दरवेळी एकच खाना वाढवला, तर जुना माल नव्या अ‍ॅरेत हलवायचे कष्ट जवळपास ५ लाख कॉप्यांचे होतात. तेच दरवेळी दुप्पट केला तर १०, २०, ४० करत करत एकूण १२७० कॉप्यांत काम भागतं. एखादा पुश जड जातो, बाकीचे फुकटात.

पॉप म्हणजे वरची काढून घेणं, त्यातच लोक अडकतात, म्हणून ओळी लिहूनच देतो:

जर मोजणी == ० तर एक्सेप्शन फेका
मोजणी = मोजणी − १
वस्तू = खाने[मोजणी]
खाने[मोजणी] = नल
वस्तू परत द्या

एक्सेप्शन म्हणजे 'चूक झाली' म्हणून थांबवणारा इशारा, नल म्हणजे 'काहीच नाही'. आधी मोजणी कमी, मग उचलायचं. उलटं केलं तर रिकाम्या खान्यात हात जातो. चौथी ओळ भाच्याच्या कोडमध्ये नव्हती, आणि तरी सगळं बरोबर चालत होतं, म्हणून ती सापडत नाही. ती नसेल तर काढलेल्या वस्तूचा पत्ता अ‍ॅरेत तसाच राहतो, गार्बेज कलेक्टरला (नको झालेली मेमरी मोकळी करणारी जावाची यंत्रणा) वाटतं कुणीतरी अजून वापरतंय, आणि मेमरी अडून बसते. आणि रिकाम्या स्टॅकवर पॉप केलं तर गपचूप नल परत देऊ नका, उद्या कुणी खरोखरच नल पुश केला तर फरक कसा कळणार?

पीक म्हणजे वरची नुसती बघायची, मोजणीला हात लावायचा नाही, पण रिकामं आहे का ते इथंपण तपासा. रिकामा आहे का आणि आत किती आहेत, या मेथड एकेका ओळीच्या. आणि 'खाने' परत देणारी गेटर मेथड लिहू नका, आयडीई (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) आपोआप करून देतो म्हणून लिहिली जाते, आणि मग प्रायव्हेटला अर्थच राहत नाही.

कुठल्याही टाईपसाठी चालायला जेनेरिक करा, म्हणजे टाईपच्या जागी नुसतं टी लिहा. फक्त जावा टी टाईपचा अ‍ॅरे थेट बनवू देत नाही, ऑब्जेक्टचा बनवून कास्ट करावा लागतो, म्हणजे 'हा टी चाच समज' असं सांगावं लागतं, कंपायलर वॉर्निंग देईल, इथं ती चालते. अ‍ॅरेऐवजी लिंक्ड लिस्टनंपण (एकमेकांना जोडलेल्या नोडची साखळी) होतं, अ‍ॅरे मोठा करायची कटकट जाते पण प्रत्येक वस्तूमागं एक नोड वाढतो.

पुश-पॉप ही नावं काही पहिल्यापासून नव्हती, ॲलन ट्युरिंग या ब्रिटिश गणितज्ञानं १९४० च्या दशकात याच कामाला 'बरी' आणि 'अनबरी' म्हटलेलं, म्हणजे पुरणे आणि उकरणे. बावर आणि सामेलसन या जर्मन जोडीनं १९५७ मध्ये स्टॅकच्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला.

आता टेस्ट. सुरुवातीचे खाने दहाऐवजी दोनच ठेवा, म्हणजे तिसऱ्या पुशलाच अ‍ॅरे मोठा होतो आणि तिथली चूक लगेच उघडी पडते. तीन वस्तू घाला, तीन काढा, उलट क्रमानं आल्या पाहिजेत, चौथ्या पॉपला एक्सेप्शन आलंच पाहिजे.

मग एक खरं काम द्या, कंस जुळतात का ते बघायचं. उघडा कंस आला की पुश, बंद आला की पॉप करून जोडी तपासा. बंद कंस आला आणि स्टॅक रिकामा असेल तर चूक, जोडी जुळली नाही तरी चूक. भाच्यानं दोन्ही केलं, तिथंच ब्रेड खात खात, आणि प्रोग्राम तीन उघड्या कंसांना बिनधास्त 'बरोबर' म्हणाला. शेवटी स्टॅक रिकामा झालाय का ते बघायचं राहिलं होतं.