बुबुळाच्या कडेला पांढरं कडं दिसलं तर काय करावं

मी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी आहे. शिबिरात आलेले आजोबा हमखास म्हणतात, "बाई, हे पांढरं कडं वाढलं आणि दिसेनासं झालं." ते कडं म्हणजे पारपटलाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, कडेला साठलेली चरबी. साठीनंतर पुष्कळांना असतं, ऐंशीनंतर जवळपास सगळ्यांना. बाहुलीसमोरची जागा मोकळी राहते, म्हणून त्यानं नजर जात नाही. नजर कमी झालीच असेल तर मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेह तपासून घ्या. कडं घालवायला थेंब मागू नका, ते थेंबांनी जात नाही.

पाहायचं असेल तर माणसाला उजेडाकडे तोंड करून बसवा आणि वरची पापणी हळूच उचला. चरबी आधी वर नि खाली साठते, पुढे गोल पुरा होतो. कडं आणि पांढरा डोळा यांच्यामध्ये एक बारीक स्वच्छ पट्टी सुटलेली दिसेल. एकाच डोळ्याला कडं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. क्वचित मानेतली रक्तवाहिनी अरुंद झालेली असते, आणि तीही कडं नसलेल्या बाजूची.

वय चाळिशीच्या आत असेल तर मात्र मी कुणालाही तसं घरी पाठवत नाही. लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, करा. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 190 च्या वर, टाचेमागची दोरीसारखी शीर (टेंडन) जाड, पापणीवर पिवळे चट्टे, घरात कुणाला तरुणपणी हार्ट अटॅक, यातलं काही असलं तर हे वाढलेलं कोलेस्टेरॉल आनुवंशिक असू शकतं. मग भावंडांचं आणि मुलांचंही रक्त तपासायला हवं. वेळेवर गोळ्या सुरू झाल्या तर हृदय वाचतं.

नजर बिघडवणारी चरबी निराळी. उसाचं पाचट लागून जखम झाली, डोळ्याला नागीण झाली, फूल पडलं, की कधीकधी त्या डागात नव्या रक्तवाहिन्या शिरतात. त्यांतून चरबी झिरपते आणि पिवळट पांढरा ठिपका पसरत जातो. तो बाहुलीसमोर आला की धूसर दिसतं, समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यावर फाकतो. जुना डाग असेल त्यांनी दर आठवड्याला चांगला डोळा झाकून, त्याच जागी बसून, कॅलेंडरवरची तारीख वाचून पाहावी. अक्षर पुसट झालं किंवा डोळा लाल झाला तर लगेच या. मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब परस्पर आणून घालू नका. आत हर्पिसचा, म्हणजे नागिणीच्या जातीचा, विषाणू जागा असेल तर जखम चिघळते. लवकर आलात तर त्या रक्तवाहिन्या लेसरनं किंवा सुईनं बंद करता येतात. उशीर झाला तर पारपटल बदलावं लागतं, आणि रक्तवाहिन्या शिरलेल्या डोळ्यात नवं पारपटल नाकारलं जाण्याचा धोका जास्त.

येताना जुने कागद आणि वापरलेल्या थेंबांच्या बाटल्या आणा. बाहुली मोठी करायचे थेंब घातले तर काही तास अंधुक दिसेल, म्हणून गाडी चालवायला कुणीतरी सोबत असू द्या.