ध्वनी आणि प्रकाशाच्या गणितांत या चुका टाळा

नववी-दहावीला विज्ञान शिकवताना दरवर्षी वह्या बदलतात, चुका त्याच असतात. लाल शाईनं तेच तेच लिहिण्यापेक्षा एकदा नीट सांगून टाकतो.

सगळ्यात जास्त मार्क घालवणारी चूक म्हणजे ध्वनीचं अंतर काढायचं म्हटलं की डोळे झाकून दोननं भागणं. प्रतिध्वनीची गणितं इतकी घोटून घेतलेली असतात की ‘भागिले दोन’ हातातच बसतं.

एका वर्षी सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं. दहाबारा पोरं माझ्या गच्चीवर जमली होती. मी म्हटलं, मोबाईलचं स्टॉपवॉच काढा. आकाशात उजेड फुटला की सुरू, आवाज आला की बंद. पहिली दोन-तीन मापं वायाच गेली, बोटं उशिरा पडत होती. नंतर हात बसला आणि बहुतेकांचं उत्तर चार सेकंदांच्या आसपास येऊ लागलं. थंडी होती, तापमान २० अंश धरलं. शून्य अंशाला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३३१ मीटर, पुढं दर अंशाला साधारण ०.६ मीटर वाढ, म्हणजे ३४३. चार सेकंदांत १३७२ मीटर. इथवर सगळे बरोबर होते. मग एक जण म्हणाला, "सर, आता अर्धं करायचंय की!" आणि सगळ्यांनी अर्धं करून ६८६ मीटर लिहिलं. एकच मुलगी गप्प होती. ती म्हणाली, "पण सर, आवाज परत कुठं गेला?" मोबाईलच्या नकाशावर गच्चीपासून मैदानापर्यंत सरळ रेघ ओढून बघितली. जवळपास चौदाशे मीटर भरली.

परत कुठं गेला, हाच खरा प्रश्न आहे. उजेडाला तेवढं अंतर यायला सेकंदाचे साधारण पाच दशलक्षांश भाग लागतात, तो वेळ सोडून दिला तरी चालतो. आवाज मात्र मैदानातून निघाला, गच्चीवर ऐकू आला, संपलं. टाळी तुम्हीच वाजवली आणि तटाला आपटून आलेला आवाजही तुम्हीच ऐकला, तर वाट दुप्पट. म्हणून माझी सवय अशी: सूत्र लिहायच्या आधी आवाज निघाला तिथं फुली मारतो, ऐकू आला तिथं कान काढतो आणि मधल्या वाटेवरून बोट फिरवतो. बोट परत आलं तरच दोननं भागतो. पाच सेकंदांचं काम आहे, पण घाईच्या पोरांना तेवढाही धीर नसतो.

याच घाईचं दुसरं फळ म्हणजे १७.२ मीटर. प्रतिध्वनी वेगळा ऐकू येण्यासाठी अडथळा निदान इतका लांब हवा, हे पाठ असतं. आकडा आला कुठून, ते विचारलं की शांतता. कानावरच्या आवाजाचा ठसा साधारण ०.१ सेकंद टिकतो. २२ अंशाला वेग ३४४, म्हणून जाऊन-येऊन ३४.४ मीटर, त्याचं अर्धं १७.२. आपल्या मे महिन्यातल्या ४० अंशांत वेग ३५५ होतो आणि तेच अंतर पावणेअठरा मीटरवर जातं. गणितात तापमान दिलं असेल तर ते वापरण्यासाठीच दिलेलं असतं.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे तो त्रिकोण. वर वेग, खाली वारंवारिता (सेकंदाला किती कंपनं) आणि तरंगलांबी (एका तरंगाची लांबी). हवं ते बोटानं झाका, उत्तर तयार. ही ट्रिक शिकवणाऱ्यांवर माझा राग आहे, कारण त्यातून पोरांना वाटतं की वारंवारिता वाढली की वेगही वाढतो. तसं असतं तर मिरवणुकीतली सनई आणि हलगी लांबून ऐकताना आगंमागं झाली असती. त्या बरोबरच येतात. वारंवारिता उगमाची, वेग माध्यमाचा, आणि तरंगलांबी या दोघांवरून ठरते. मी हे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो आणि महिनाभर पुसू देत नाही.

प्रकाशातही हेच अडतं. ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर पाण्यात शिरला की तरंगलांबी ६५० भागिले पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती पट मंदावतो तो आकडा) १.३३, म्हणजे सुमारे ४८९ नॅनोमीटर होते. रंगांच्या तक्त्यात बघून पोरं सांगतात, पाण्यात तो निळसर दिसणार. मग मी खोलीत अंधार करतो, काचेच्या ग्लासात पाणी घेऊन दुधाचे दोन-तीन थेंब टाकतो आणि लेसर आडवा धरतो (डोळ्यांच्या उंचीवर कधीच नाही). दुधाळ पाण्यातून जाणारी रेघ लालच असते. वेग घटला, तरंगलांबी घटली, वारंवारिता जशीच्या तशी, म्हणून रंगही तोच.

बाकीच्या थोडक्यात. ध्वनीचा तरंग वहीत नागमोडी काढतात म्हणून हवा वरखाली होत नाही. तो दाबाचा आलेख आहे, हवेचे कण तरंगाच्या दिशेनंच पुढंमागं हलतात. मोठा आवाज आणि उंच स्वर एक नव्हेत: यंत्रमागाची खटखट मोठी पण खालच्या स्वराची, डासाची गुणगुण बारीक पण उंच. आपाती कोन स्तंभिकेपासून (पृष्ठभागाला काटकोनात काढलेल्या रेषेपासून) मोजा, पृष्ठभागापासून नाही. नॅनोमीटरचे मीटर आधी करा, शेवटी नाही.

आणि प्रकाशाच्या धड्यातल्या ‘घन माध्यम’मधल्या ‘घन’ शब्दाला फसू नका. रॉकेल पाण्यावर तरंगतं, तरी त्याचा अपवर्तनांक १.४४ आणि पाण्याचा १.३३, म्हणून प्रकाश रॉकेलमध्ये जास्त हळू चालतो. घनतेवरून प्रकाशाचा वेग सांगणाऱ्या प्रत्येकाला मी एका बाटलीत हे दोन्ही थर दाखवतो.