क्रूझवरचं रात्रीचं जेवण: ठरलेली पंगत घ्यावी की मोकळी वेळ?

क्रूझचं बुकिंग करताना केबिन निवडून होते, पैसे भरायची वेळ येते आणि तेवढ्यात एक बारकासा प्रश्न येतो: जेवणाची वेळ ठरलेली हवी की मोकळी? बहुतेक जण दिसेल त्यावर टिचकी मारून पुढे जातात आणि मग आठवडाभर त्या टिचकीची फळं चाखतात.

यावर मिळणारा सल्लाही ठरीव. बोलघेवडे असाल तर ठरलेली वेळ घ्या, मनमौजी असाल तर मोकळी. असं सांगणाऱ्याने संध्याकाळी सात वाजता डायनिंग हॉलच्या दाराबाहेर लागलेली रांग पाहिलेली नसते. मी त्या रांगेत उभी राहिले आहे. तुमचा स्वभाव कसा आहे हे मागाहून बघू, आधी जहाजाचं वेळापत्रक समोर घ्या.

निवड मुळात आहे का, ते बघा

मोठ्या जहाजाच्या मुख्य डायनिंग हॉलमध्ये सगळे प्रवासी एका वेळी मावत नाहीत, म्हणून दोन पंगती. पहिली साधारण साडेपाच-सहाला, दुसरी पावणेआठ ते साडेआठच्या मध्ये कधीतरी. ठरलेल्या पंगतीत रोज तीच वेळ, तेच टेबल, तेच वाढपी आणि बहुधा तेच शेजारी. मोकळ्या वेळेत हॉल उघडा असेपर्यंत कधीही जायचं आणि मिळेल त्या टेबलावर बसायचं. भाड्यात फरक पडत नाही.

नावं मात्र प्रत्येक कंपनीची वेगळी. रॉयल कॅरिबियनचं ‘माय टाइम’, कार्निव्हलचं ‘युअर टाइम’. दोन्ही म्हणजे मोकळी वेळच. नॉर्वेजियनने २००० साली ‘फ्रीस्टाइल’ आणलं तेव्हापासून त्यांच्याकडे पंगत हा प्रकार नाही, तेव्हा तिथे डोकं खाजवू नका. डिस्नेने १९९८ मध्ये पहिलं जहाज सोडलं तेव्हापासून वेगळीच रीत ठेवली आहे: वेळ ठरलेली, पण उपाहारगृह रोज बदलतं आणि तुमचे वाढपी तुमच्याबरोबर फिरतात. क्युनार्डवर बरंचसं केबिनच्या वर्गावर ठरतं. ग्रिल या सगळ्यात महागड्या वर्गाच्या प्रवाशांना स्वतंत्र उपाहारगृह आणि तिथे त्यांच्या नावाचं टेबल असतं, वेळ त्यांच्या मर्जीची.

बंदरांच्या वेळा कागदावर मांडा

हे काम दहा मिनिटांचं आहे. कोणत्या दिवशी कोणतं बंदर, जहाज किती वाजता सुटणार, एवढंच लिहून काढा. जहाज सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी सगळ्यांनी वर यायचं असतं. सहाला सुटणार असेल तर साडेपाचला घामेजलेले तुम्ही गँगवेवर, म्हणजे जहाजात चढायच्या पुलावर, पुढे सामानतपासणी, लिफ्टसाठी ताटकळणं, आंघोळ, कपडे. सहाची पंगत गाठायची म्हणजे पळापळ. असे दिवस आठवड्यात तीन किंवा जास्त असतील तर पहिल्या पंगतीचा नाद सोडा. कॅरिबियनमध्ये जहाजं बहुधा चार-पाचला निघतात, तिथे पहिली पंगत आरामात साधते. भूमध्य समुद्रात उशिरा सुटणारी बंदरं जास्त. अलास्कात जूनोसारख्या ठिकाणी जहाज अनेकदा रात्री नऊ-दहापर्यंत थांबतं. त्या दिवशी दोन्ही पंगती विसरा आणि बुफे गाठा.

पूर्ण दिवस समुद्रात असलेले दिवस मोजूच नका. त्या दिवशी काहीही चालतं.

नाटक-गाण्याचे कार्यक्रम

पंगत असेल तर कार्यक्रमांचे खेळ सहसा पंगतींना जुळवूनच लावलेले असतात. मोकळ्या वेळेत हा मेळ तुम्हालाच घालायचा आहे. संपूर्ण जेवणाला दीड तास लागतो, दोनही लागतात, हे धरून चाला.

बरोबर कोण आहे?

लहान मुलं, लवकर झोपणारे आईवडील, जेवणासोबत ठरल्या वेळी औषध घेणारं माणूस: पहिली पंगत, विषय संपला. एक अपवाद डिस्नेचा. तिथे दुसऱ्या पंगतीतल्या मुलांना आधी वाढून घेतात आणि मुलांच्या क्लबातली माणसं त्यांना हॉलमधूनच घेऊन जातात. आईबाप मागे बसून निवांत जेवतात.

आठ-दहा जणांचा गोतावळा असेल तरी पंगतच घ्या. मोकळ्या वेळेच्या भागात मोठी टेबलं कमी असतात आणि एक मोठं टेबल रिकामं व्हायची वाट बघणं म्हणजे शिक्षा. वेगवेगळी बुकिंग असतील तर ती कंपनीला किंवा एजंटला सांगून एकमेकांना जोडून घ्या, आणि सगळ्यांनी एकच वेळ निवडली आहे ना ते स्वतः तपासा. एका घराची पहिली आणि दुसऱ्या घराची दुसरी पंगत असेल, तर नुसतं जोडून काही होत नाही.

आणि कुणाला एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असेल किंवा कडक पथ्य असेल, तर माझं मत ठाम आहे: ठरलेली पंगत. पहिल्या रात्री एकदा सांगितलं की हेड वेटर उद्याचा मेनू आजच आणून दाखवतो, तुम्ही निवडता आणि तो स्वयंपाकघराला कळवतो. मोकळ्या वेळेत रोज नवा वाढपी भेटला तर रोज तीच कहाणी पहिल्यापासून. ॲलर्जीच्या बाबतीत चौथ्या रात्री कुणीतरी ऐकण्यात चूक करावी ही जोखीम कशाला घ्यायची?

मोकळी वेळ घेतलीत तर: इथेच सगळे फसतात

वरच्या कशातही तुम्ही बसत नसाल, म्हणजे दोघंच आहात किंवा चौघं, बंदरं उशिराची आणि कुणाला काही वर्ज्य नाही, तर मोकळी वेळ घ्या. मीही आता बहुतेक वेळा तीच घेते. पण ‘मोकळी’ या शब्दावर विश्वास ठेवू नका.

पहिल्यांदा मी ठेवला होता. पहिल्या रात्री सव्वासातला आम्ही दोघं हॉलशी गेलो. दारात रांग. वीस मिनिटांनी पुढे पोचलो तर हातात एक पेजर दिला, वाजला की या म्हणाले. पन्नास मिनिटं आम्ही जिन्याजवळच्या बारमध्ये त्या डबीकडे टक लावून बसलो होतो. टेबल मिळालं तेव्हा कार्यक्रम सुरू व्हायला पंचवीस मिनिटं होती. सूप प्यायलो आणि उठलो. दुसऱ्या रात्री शहाणपणा करून सातला गेलो. तीच रांग, फक्त जरा लांब. तिसऱ्या रात्री भांडलो, पण एकमेकांशी.

कारण साधं आहे. मोकळी वेळ घेणाऱ्या जवळपास प्रत्येकाला साडेसहा ते साडेसात याच वेळात भूक लागते. ज्यांना सहाची पंगत लवकर आणि आठची उशिरा वाटली, तीच माणसं तर मोकळ्या वेळेकडे वळलेली असतात. म्हणजे सगळ्यांची पसंतीची वेळ एकच, टेबलं तेवढीच. हॉल पावणेसहाला अर्धा रिकामा असतो आणि साडेआठनंतर पुन्हा रिकामा होऊ लागतो. मधल्या तासात मात्र झुंबड.

यावर माझा उपाय: मोकळी वेळ घ्यायची आणि आपणच तिला बांधून टाकायचं. बऱ्याच कंपन्या ॲपवरून किंवा वेबसाइटवरून मोकळ्या वेळेसाठीही आरक्षण घेऊ देतात, काही जहाजावर चढण्याच्या कितीतरी आधीपासून. सोय उघडली की सगळ्या रात्रींचं आरक्षण एकदम करा आणि रोज एकच वेळ घ्या. मी पावणेसात घेते, कारण सातच्या लोंढ्याच्या आधी बसता येतं. उशिरा जेवणारे असाल तर साडेआठ. म्हणजे काय झालं? ठरलेली पंगतच, फक्त कंपनीने लादलेल्या वेळेऐवजी तुमच्या वेळेला. शिवाय एखाद्या रात्री बंदरावरून उशीर झाला तर तेवढं एक आरक्षण रद्द करायची मुभा उरते.

पण आरक्षण म्हणजे टेबल तुमची वाट बघत सजलेलं नसतं. आरक्षणवाल्यांची रांग वेगळी असते आणि ती लवकर सरकते, एवढाच त्याचा अर्थ. दारात दोन रांगा आहेत का ते आधी बघा. मी एकदा आरक्षण असूनही पंधरा मिनिटं चुकीच्या रांगेत उभी होते, आणि कुणीही काही बोललं नाही.

ॲपमध्ये हवी ती वेळ भरलेली दिसली तर हातपाय गाळू नका. जहाजावर चढलात त्या दुपारी जेवणाच्या आरक्षणाचं टेबल मांडलेलं असतं. ते कुठे आणि किती वाजेपर्यंत हे ॲपमध्ये किंवा त्या दिवसाच्या पत्रकात लिहिलेलं असतं. बॅगा टाकून आधी तिथे जा, बुफे नंतर. संध्याकाळपर्यंत थांबलात तर तुमच्यासारखे शंभर जण तिथे असतील.

आता वाढप्याचं. ‘मोकळ्या वेळेत रोज नवा वाढपी, ओळखच होत नाही’ अशी तक्रार फार ऐकू येते. होते की ओळख, मागितली तर. पहिल्या रात्रीचा वाढपी आवडला की त्याचं नाव आणि टेबलाचा नंबर फोनमध्ये लिहून घ्या आणि निघताना दारातल्या माणसाला सांगा की उद्यापासून याच वेळेला याच भागात बसवा. रोज एकच वेळ असेल तर हे सहसा जमवून देतात. रोज वेगळ्या वेळेला येणाऱ्याला कोण कसं जमवून देणार? तिसऱ्या रात्रीपासून तुमचा पाण्याचा पेला न सांगता बर्फाशिवाय येऊ लागतो.

दोघांच्या टेबलाबद्दल एक इशारा. अशी टेबलं बऱ्याचदा एकमेकांपासून हातभर अंतरावर ओळीने लावलेली असतात. एकांत मिळेल या आशेने मागाल आणि शेजारच्या जोडप्याचं शस्त्रक्रियेपासून सुनेपर्यंत सगळं ऐकाल. खरा एकांत हवा असेल तर कोपऱ्यातलं टेबल नंबरानिशी मागा. त्यासाठी हॉल रिकामा असताना, दुपारी, एक चक्कर मारून नंबर बघून ठेवा.

ठरलेली पंगत मिळाली, पण नको ती

तुमचा टेबल नंबर बहुधा केबिनच्या कार्डावर किंवा ॲपमध्ये असतो. हवी ती पंगत मिळाली नसेल तर प्रतीक्षायादीत नाव टाका आणि चढल्या दिवशी दुपारीच हेड वेटर किंवा मेत्र डीला, म्हणजे डायनिंग हॉलच्या प्रमुखाला, भेटा. अमेरिकेतून निघणाऱ्या जहाजांवर पहिली पंगत आधी भरते, त्यामुळे दुसरीतून पहिलीत जाणं अवघड आणि उलटं सोपं. भेटाल तेव्हा एकच नेमकी गोष्ट मागा: ‘दुसरी पंगत, सहा जणांचं टेबल.’ ‘काहीतरी बरं बघा ना’ म्हटलंत की काहीतरीच मिळतं.

अनोळखी लोकांबरोबरच्या टेबलाला घाबरायचं कारण नाही, पण माप नीट निवडा. चौघांच्या टेबलावर समोरचं जोडपं अबोल निघालं तर सात रात्री जड जातात. सहा किंवा आठ जणांत कुणी ना कुणी बोलणारं भेटतंच. हल्ली एक वेगळीच अडचण येते: लोक पैसे मोजून खास उपाहारगृहांत जेवायला जातात आणि आठ जणांच्या टेबलावर तुम्ही दोघंच समोरासमोर मेणबत्तीसारखे बसता. सलग दोन रात्री असं झालं तर टेबल बदलून मागा. शेजारी नकोसे झाले असतील तरी पहिल्या रात्रीनंतर लगेच बदला, आणि ते दिवसा, हेड वेटरला एकटं गाठून. त्यांच्या देखत कुजबुजू नका. उशीर केलात तर बदलण्याचं कारण सगळ्या टेबलाला कळतं.

एखाद्या रात्री येणार नसाल तर वाढप्याला आदल्या दिवशी सांगा. पंगतीला दहा मिनिटं उशीर खपतो, त्याहून जास्त झाला की स्वयंपाकघर पुढच्या पदार्थावर गेलेलं असतं आणि तुमच्यामुळे अख्खं टेबल थांबतं. औपचारिक कपड्यांची रात्र आणि टिप, या दोन्हीबाबत पंगत आणि मोकळी वेळ यांत सहसा फरक नसतो.

घड्याळ

जेवण जहाजाच्या वेळेने असतं. किनाऱ्याजवळ आलात की फोन किनाऱ्यावरचं नेटवर्क पकडतो आणि तिथली वेळ दाखवू लागतो. काही बंदरांत ती जहाजाच्या वेळेहून एक तास वेगळी असते. असंच एकदा मी नटूनथटून सव्वाआठच्या पंगतीला सव्वासातला हजर झाले. आमच्या टेबलावर दुसरंच कुटुंब बसलं होतं आणि त्यांच्यातल्या मुलाच्या वाढदिवसाचा केक कापणं चाललं होतं. वाढप्याने मला ओळखलं, हसला आणि केकचा एक तुकडा रुमालात गुंडाळून हातात दिला. तेव्हापासून फोन विमान मोडवर असतो आणि मनगटावर साधं काट्यांचं घड्याळ.