लॅब्राडॉरचे पिल्लू घेताना चोखंदळ ब्रीडरशी कसे बोलावे

चांगल्या ब्रीडरला, म्हणजे कुत्र्यांची पैदास करून पिल्ले विकणाऱ्याला, फोन केला की किंमत लगेच कळत नाही, उलट आपल्यालाच प्रश्न विचारले जातात. घरात दिवसभर कोण असते, फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे, भाड्याचे घर असल्यास मालकाची संमती आहे का, पूर्वी कुत्रा पाळला असल्यास त्याचे पुढे काय झाले, हे सारे विचारले जाते आणि पुष्कळांना त्यात अपमान वाटतो. तो वाटून घेऊ नये. आपल्याकडे जन्मलेले पिल्लू पुढची दहा-बारा वर्षे कोणाच्या घरी काढणार याची ज्याला काळजी आहे तोच असे विचारतो. ‘आज टोकन पाठवा, उद्या पिल्लू घरपोच’ असे म्हणणाऱ्याला ती काळजी नसते.

म्हणून पहिल्या फोनवर किंमत विचारण्याआधी स्वतःविषयी सांगावे. दोघेही नोकरी करत असाल तर ते लपवू नये, दुपारी पिल्लाकडे कोण पाहणार हे सांगावे. सोसायटीची परवानगी नाही म्हणून माघार घेण्याचे मात्र कारण नाही, कारण भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. महापालिकेचा परवाना काढण्याची तयारी आहे, हेही सांगून टाकावे.

मग आपले प्रश्न. केंद्र सरकारच्या 2017 च्या नियमांनुसार ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते, आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही आणि एका मादीची आयुष्यात पाचपेक्षा अधिक वेते घेता येत नाहीत. तेव्हा ‘हे मादीचे कितवे वेत आणि आधीचे कधी झाले?’ हा प्रश्न नम्रपणे पण नक्की विचारावा. नियमाने चालणाऱ्याला त्याचा राग येत नाही.

लॅब्राडॉरच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची चौकशी खुब्याच्या सांध्याची असते. हिप डिस्प्लेशिया, म्हणजे मांडीच्या हाडाचे डोके खोबणीत नीट न बसणे, हा दोष बऱ्याच अंशी आनुवंशिक असून आठ-नऊ आठवड्यांच्या पिल्लाकडे पाहून तो ओळखता येत नाही. म्हणून आई-बापांचे वयात आल्यानंतर काढलेले एक्स-रे आणि त्यावरचे पशुवैद्यकाचे मत पाहावे. ‘आमच्याकडे आजवर कधी तक्रार आली नाही’ हे एक्स-रेचे उत्तर नव्हे. दृष्टिपटल हळूहळू निकामी करणाऱ्या आनुवंशिक विकाराची डीएनए चाचणी झालेली असल्यास तिचा अहवालही मागावा.

केनेल क्लब ऑफ इंडियाचे प्रमाणपत्र वंशावळ सांगते, प्रकृती सांगत नाही. ते नीट वाचावे मात्र. बापाच्या आणि आईच्या अशा दोन्ही बाजूंना जवळच्या पिढीत एकच नाव आढळले, तर जवळच्या नात्यातली पैदास झाली आहे हे समजते आणि तिचे कारण विचारता येते. पिल्लाला मायक्रोचिप, म्हणजे कातडीखालची ओळखीची चिप, बसवली असेल तर ब्रीडरला खांद्यांच्या मधोमध स्कॅनर फिरवायला सांगून पडद्यावर उमटणारा पंधरा अंकी क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी एकेक अंक करून ताडून पाहावा. एकाच वेतातली पिल्ले ‘पेपरसह’ (म्हणजे या प्रमाणपत्रासह) आणि ‘पेपरशिवाय’ अशा दोन भावांत मिळत असतील, तर तेथून परत यावे.

पिल्ले आईजवळच पाहावीत. नुकत्याच व्यालेल्या मादीचे सड ओघळलेले असतात, केस गळलेले असतात आणि पिल्ले तिच्याकडे झेपावतात. आई ‘गावी’ किंवा ‘दुसऱ्या केनेलमध्ये’ असेल तर पिल्ले कुठून आणली असावीत याचा अंदाज करावा. आई परक्या माणसाला भिऊन कोपऱ्यात दबत असेल, तर तो स्वभावही पिल्लांत उतरू शकतो. जंतांनी फुगलेले पोट, चिकट डोळे, कानाचा वास आणि हगवण यांकडे लक्ष द्यावे. पार्वो आणि डिस्टेंपर या संसर्गजन्य रोगांवरच्या लसीची नोंद बाटलीवरचे स्टिकर, पशुवैद्यकाची सही आणि तारीख यांसह असावी, नुसती पेनाने लिहिलेली नसावी. एका दिवसात दुसऱ्या केनेलमधली पिल्ले हाताळून येथे येऊ नये, कारण पार्वोचा विषाणू कपड्यांवरून आणि चपलांवरूनही पसरतो.

कोणते पिल्लू आपल्याला द्यायचे हे पुष्कळदा ब्रीडरच ठरवतो, आणि ते मान्य करावे असे मी आग्रहाने सांगेन. आठ आठवडे रोज पाहिल्यामुळे कोणते दांडगे आणि कोणते शांत हे त्याला माहीत असते. घरात वृद्ध आई-वडील असतील तर शांत पिल्लूच बरे. नकार मिळाला तर कारण विचारावे. पुढच्या वेतापर्यंत थांबण्याची आपली तयारी दिसली की तोच माणूस अनेकदा स्वतःहून फोन करतो.

करार लेखी असावा. पैदाशीसाठी न वापरण्याची, ठरल्या वयात नसबंदी करण्याची आणि सांभाळणे अशक्य झाल्यास पिल्लू त्याच ब्रीडरकडे परत देण्याची अट त्यात असेल तर ती स्वीकारावी. आपल्या बाजूने, घरी नेल्यावर दोन-तीन दिवसांत आपल्या पशुवैद्यकाने तपासणी केली आणि गंभीर आजार आढळला तर काय होईल, हे त्यात लिहून घ्यावे. जंतनाशकाच्या तारखा आणि रोजचे खाणे यांची यादी निघताना मागून घ्यावी, आणि पहिले काही दिवस खाणे तेच ठेवून मगच हळूहळू बदलावे.