गोदाकाठावरून वालकाठी: नाइमेखेन शहर कसे पाहावे

पावसाळ्यात गोदेला पाणी किती आले, हे नाशिकचा माणूस दुतोंड्या मारुतीकडे पाहून सांगतो. पाणी मारुतीच्या गुडघ्याला आहे, कमरेला आहे की छातीला, यावर सराफ बाजारातील दुकानदार माल वरच्या मजल्यावर हलवायचा की नाही ते ठरवतात, आणि नारोशंकराच्या घंटेला पाणी लागले म्हणजे तो महापूर, हे जुन्या नाशिकमध्ये कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ चे पूर ज्यांनी गोदाघाटावर उभे राहून पाहिले आहेत, त्यांनी नेदरलँड्सला गेल्यावर अ‍ॅम्स्टरडॅमच्या कालव्यांतून आणि ट्यूलिपच्या बागांतून दोन दिवस वाचवावेत आणि ते वाल नदीवरील नाइमेखेन या शहराला द्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रवासाची तयारी फार किचकट नाही. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी मुंबईच्या व्हिसा केंद्रातील भेटीची वेळ शक्य तितकी लवकर घ्यावी, कारण बोटांचे ठसे देण्यासाठी स्वतः जावे लागते. किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवासी आरोग्य विमा अर्जासोबत लागतो. विमान मुंबईहून असेल आणि दिवस पावसाळ्याचे असतील, तर कसारा घाटातील खोळंबा गृहीत धरून नाशिकहून नेहमीपेक्षा तीन-चार तास आधी निघावे. निघण्यापूर्वी बँकेच्या कार्डावर परदेशातील व्यवहार आणि कार्ड केवळ टेकवून पैसे देण्याची सोय, या दोन्ही गोष्टी सुरू करून घ्याव्यात. डच रेल्वेत आणि बसमध्ये चढताना यंत्राला कार्ड टेकवायचे आणि उतरल्यावर पुन्हा टेकवायचे, अशी पद्धत आहे. दुसऱ्या वेळेस विसरल्यास जादा पैसे कापले जातात. प्रत्येक प्रवाशाचे कार्ड वेगळे असावे लागते; एका कार्डावर संपूर्ण कुटुंबाचा प्रवास होत नाही.

स्किपोल विमानतळाच्या खालीच रेल्वे स्थानक आहे. तेथून किंवा अ‍ॅम्स्टरडॅमहून उट्रेख्ट आणि आर्न्हेममार्गे नाइमेखेनला पोहोचण्यास साधारण दीड तास लागतो. आर्न्हेम सुटल्यावर गाडीच्या दिशेने डाव्या हाताची खिडकी धरावी. नाइमेखेन येण्याच्या अगदी आधी गाडी वाल नदी ओलांडते, आणि त्या बाजूला वालब्रुख या १९३६ सालच्या पुलाची २४४ मीटर लांबीची पोलादी कमान, पलीकडच्या उंच काठावरील शहर आणि सेंट स्टीव्हन चर्चचा मनोरा असे सगळे एकदम दिसते. सपाट नेदरलँड्समध्ये चढउतारांचे शहर क्वचितच आढळते. हिमयुगातील हिमनद्यांनी ढकलून आणलेल्या मातीच्या टेकड्यांवर नाइमेखेन वसले आहे, त्यामुळे येथील काही गल्ल्या आपल्या घाटाकडे उतरणाऱ्या गल्ल्यांसारख्या थेट नदीकडे उतरतात.

सामान ठेवल्यावर प्रथम फाल्कहोफच्या टेकडीवर जावे. येथे शार्लमेनचा राजवाडा होता आणि ११५५ मध्ये सम्राट बार्बरोसाने तो पुन्हा उभारला. १७९६-९७ मध्ये तो पाडून दगड विकण्यात आले आणि त्यातून दोनच वास्तू उरल्या: अकराव्या शतकातील सेंट निकोलसची अष्टकोनी प्रार्थनाशाळा आणि बार्बरोसाच्या काळातील एक अर्धगोल भग्नावशेष. त्याही आधी येथे रोमन होते. इ.स. १०० च्या सुमारास सम्राट ट्रेजनने या वसाहतीला आपले नाव आणि शहराचा दर्जा दिला, आणि त्याच आधारावर नाइमेखेन स्वतःला देशातील सर्वांत जुने शहर म्हणवते. मास्ट्रिख्टला हा मान मान्य नाही. मात्र अवशेषांपाशी फार वेळ रेंगाळू नये. टेकडीच्या कठड्याशी उभे राहून खाली पाहावे, कारण या शहरातील सर्वांत मोलाची गोष्ट समोरच्या काठावर आहे.

ऱ्हाईन नदी जर्मनीतून लोबिथ येथे नेदरलँड्समध्ये शिरते आणि थोड्याच अंतरावर दुभंगते. तिचे सुमारे दोन तृतीयांश पाणी वालमधून वाहते. नाइमेखेनपाशी ही नदी तीव्र वळण घेते आणि तेथेच पात्र अरुंद होते, म्हणजे पुराला अडण्यासाठी हवी तशी जागा. १९९५ च्या पुरात नद्यांकाठच्या प्रदेशातून सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली. त्यानंतर डच सरकारने बांध आणखी उंच करत राहण्याऐवजी नदीला जागा परत देण्याचे धोरण स्वीकारले. समोरच्या लेंट गावाचा बांध ३५० मीटर मागे सरकवण्यात आला, सुमारे पन्नास घरे हलवावी लागली, आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यात तीन किलोमीटरहून अधिक लांबीचा उपप्रवाह खोदण्यात आला. त्याचे नाव स्पीगलवाल. वाल आणि स्पीगलवाल यांच्यामध्ये उरलेली जमीन आता बेट झाली आहे. निळ्या आणि लाल पूररेषेच्या आत बांधकामे व्हावीत की नाहीत यावर वर्षानुवर्षे वाद ऐकत आलेल्या नाशिककराला, घरे हलवून नदीला दिलेली ती जागा प्रत्यक्ष चालून पाहताना काय वाटते, ते मला शब्दांत सांगता येत नाही. मी मात्र तेथे दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा अर्धा दिवस काढला.

पाहण्याचा क्रम असा ठेवावा. टेकडीवरून वालब्रुखच्या पदपथाने नदी ओलांडून लेंटला जावे, आणि मागे वळून शहराकडे पाहण्यासाठी पुलाच्या मध्यावर थांबावे. पलीकडे उतरल्यावर झालिगेब्रुख हा नागमोडी पादचारी पूल शोधावा. तो मुद्दाम ठेंगणा बांधला आहे: पाणी चढू लागले की त्याचा काही भाग बुडतो, तेव्हा मांडलेल्या दगडी ठोकळ्यांवर पाय ठेवत चालावे लागते, आणि पाणी आणखी चढले की पूल दिसेनासा होतो. दुतोंड्या मारुतीचे काम येथे हा पूल करतो, असे मला वाटले. स्पीगलवालच्या वरच्या तोंडाशी उंबरठा आहे, त्यामुळे वालला भरपूर पाणी असेल तेव्हाच ते या उपप्रवाहात शिरते; एरवी तो संथ तळ्यासारखा असतो. आपल्याकडे पूर आषाढ-श्रावणात येतो, तर वालला मोठे पाणी बहुधा डिसेंबर ते मार्च या काळात असते. वाहता उपप्रवाह पाहायचा असेल तर थंडी सोसावी. काठावर बसून शिदोरी खायची असेल तर मे ते सप्टेंबर उत्तम.

एक सूचना लहान मुलांसोबत जाणाऱ्यांसाठी. नदी दिसली की पाय बुडवावेत, ही आपली सवय आहे. वालच्या मुख्य प्रवाहात तसे मुळीच करू नये. मोठी मालवाहू जहाजे सतत ये-जा करतात, त्यांच्यामुळे काठचे पाणी अचानक ओढले जाते, आणि काठालगतच्या दगडी बंधाऱ्यांपाशी भोवरे असतात. उन्हाळ्यात स्थानिक लोक स्पीगलवालमध्ये पोहतात.

परतताना रेल्वे पुलाला जोडलेल्या सायकल-पुलावरून शहरात यावे, पण लाल रंगाच्या सायकल-मार्गावर चालू नये. पुढे क्रोननबुर्खर उद्यानात जुन्या तटबंदीचा अवशेष आणि दारूगोळ्याचा बुरूज आहे. तेथून लांगे हेझलस्ट्राट या जुन्या बाजाररस्त्याने ग्रोटे मार्क्ट चौकात जाता येते, जेथे १६१२ ची वजनकाट्याची इमारत उभी आहे. चौकाच्या आसपास इतक्या नव्या इमारती का, असा प्रश्न पडेल. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी अमेरिकी विमानांनी हे शहर जर्मनीतील समजून बाँब टाकले आणि सुमारे ८०० माणसे मेली. शाळेतील मुलांच्या स्मरणार्थ झोपाळ्याच्या आकाराचे एक स्मारक नगरभवनामागे आहे. तेथे गेल्यास आवाज खाली ठेवावा.

शाकाहारी मंडळींची पंचाईत होत नाही, पण चीजमध्ये प्राणिज विरजण असू शकते, म्हणून कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी वेष्टनावरील मजकूर पाहावा. उपाहारगृहांतील स्वयंपाकघरे रात्री लवकर बंद होतात. जुलैच्या तिसऱ्या मंगळवारपासून चार दिवस येथे मोठी पदयात्रा असते, ज्यात हजारो लोक दररोज ३० ते ५० किलोमीटर चालतात. निवृत्तिनाथांच्या पालखीसोबत चाललेल्यांना तो सोहळा आपलासा वाटेल, मात्र त्या आठवड्यातील खोली काही महिने आधी राखावी.

मुक्काम एक रात्र तरी करावाच, आणि सूर्यास्ताला डे ओव्हरस्टेक या पुलावर असावे. तो रेल्वे पुलाच्या पश्चिमेस आहे आणि २०१३ मध्ये खुला झाला. २० सप्टेंबर १९४४ रोजी याच जागी अमेरिकी सैनिकांनी कापडी होड्यांतून भर दिवसा वाल ओलांडली आणि त्यांच्यापैकी ४८ जण मारले गेले. पुलावर दिव्यांच्या ४८ जोड्या आहेत. त्या रोज संध्याकाळी संथ पावलाच्या गतीने एकेक करून उजळतात, आणि एक माजी सैनिक त्यांच्यासोबत पूल चालून जातो. इच्छा असल्यास आपणही त्याच्या मागून चालू शकतो. जूनमध्ये हे रात्री दहाच्या सुमारास घडते, डिसेंबरमध्ये साडेचारच्या आसपास; म्हणून त्या दिवसाची सूर्यास्ताची वेळ सकाळीच पाहून ठेवावी आणि दहा मिनिटे आधी पोहोचावे.