पीअर रिव्ह्यूवाल्या मासिकाला कथा पाठवायची तर

इथं संपादकासोबत दुसरे वाचकही कथा तपासतात, अन बऱ्याच ठिकाणी त्यांना लेखक कोण ते कळू देत नाहीत, म्हणून कथेवरचं नाव-गाव काढा. पण फाईलच्या पोटातही नाव राहते भौ! वर्डमध्ये फाईल, इन्फो, मग इन्स्पेक्ट डॉक्युमेंट करून ते उडवा, तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडून टाइप केलं असन तर त्याच्या दुकानाचंच नाव निघते कधीकधी. त्याले सांगा कृतिदेव हा जुना फॉन्ट नको, कोणत्याही कॉम्प्युटरवर वाचता येते तो युनिकोडच पाहिजे, नाहीतर समोरच्याले नुसती गिचमिड दिसते. वऱ्हाडी संवाद बिनधास्त ठेवा. शेरे आले की भांडू नका, पटलं ते बदला, नाही पटलं त्याचं कारण दोन ओळीत लिहून द्या. उत्तराले महिने लागतात, पेरलेलं सोयाबीन निघूनही जाते, तोवर तीच कथा दिवाळी अंकाले द्यायच्या आधी मासिकाचे नियम वाचा, बऱ्याच जागी चालत नाही.