कॉपच्या पासआधी: सीमाभागातील नवोदितांसाठी काही अनुभव

आंतरराष्ट्रीय हवामान चळवळीत येऊ पाहणारे बेळगाव-खानापूरकडील विद्यार्थी मला पहिल्यांदा विचारतात ते ‘कॉप’चा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या वार्षिक हवामान परिषदेचा, पास कसा मिळतो, हेच. हा पास थेट व्यक्तीला मिळत नाही. संयुक्त राष्ट्रांनी निरीक्षक म्हणून मान्यता दिलेल्या संस्थेला मोजक्या जागा मिळतात आणि ती संस्था आपल्या प्रतिनिधींची नावे पाठवते. हे न कळल्यामुळे माझे एक अख्खे वर्ष अर्ज खरडण्यात गेले. त्या काळात ‘यंगो’त मला विनाशुल्क सामील होता आले असते. यंगो हा हवामान वाटाघाटींतील तरुणांचा अधिकृत गट असून २००९ मध्ये त्याला तात्पुरती आणि २०११ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. त्याच्या विषयवार कार्यगटांचे बरेचसे काम ऑनलाइन चालते, म्हणजे बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या घरात बसूनही ते करता येते.

यंगोच्या कार्यगटासाठी लिहिलेला माझा पहिला मसुदा मात्र फजितीचा ठरला. पृथ्वी वाचवा, भावी पिढ्यांचा विचार करा, अशी चार परिच्छेदांची कळकळ मी लिहून पाठवली, तेव्हा गटातील एका अनुभवी मुलीने एवढेच विचारले, ‘‘यातले कोणते वाक्य कोणत्या कलमात घालायचे?’’ वाटाघाटींच्या मसुद्यात ज्या शब्दांवर एकमत झालेले नसते ते चौकटी कंसात ठेवतात, आणि खरी झटापट त्या कंसांपाशी चालते. २०१५ मध्ये पॅरिस करार मंजूर होण्याच्या अगदी शेवटच्या घटकेला विकसित देशांच्या उत्सर्जनकपातीच्या वाक्यातील ‘केलेच पाहिजे’ या अर्थाचा शब्द बदलून ‘करावे’ या अर्थाचा शब्द घालावा लागला होता. म्हणून नवोदिताने भाषणाआधी मसुदा वाचायला शिकावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी तयारी घरच्या शिवारातली. बळ्ळारी नाल्याचे पाणी चढले की आमची लावणी केलेली भाताची रोपे दिवसचे दिवस पाण्याखाली राहून कुजतात. २०१९ च्या महापुरानंतर मी एका जुन्या वहीत पाणी कधी चढले, कधी ओसरले, दुबार लावणीला किती मजुरी गेली, हे टिपू लागलो. अर्थात नाला गाळाने आणि जलपर्णीने तुंबतो हेही तिथे लिहिले आहे. प्रत्येक पूर हवामानबदलाच्या खात्यावर टाकला तर जाणकार माणूस आपले पुढचे ऐकत नाही.

पहिला प्रवास शक्य झालाच, तर नोव्हेंबरच्या कॉपऐवजी जूनमधील जर्मनीतल्या बॉनची बैठक निवडावी, जिथे कॉपच्या आधीच्या वाटाघाटी होतात. तिथे गर्दी कमी असते आणि नवख्यालाही कामकाज जवळून पाहता येते. इंग्रजीचा धसका नको. घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि कॉलेजात इंग्रजी हा सराव आपल्याला आहेच.

बॉनहून परतल्यावर वडिलांनी विचारले, ‘‘त्या नुकसानीच्या निधीतनं आपल्या भाताचं काही मिळणार काय?’’ हवामानबदलाने होणाऱ्या हानीसाठी २०२२ च्या परिषदेत ठरलेला तो निधी विकसनशील देशांसाठी आहे, शेतकऱ्याला त्यात थेट अर्ज करता येत नाही, हे मी त्यांना समजावले. मग आम्ही दोघे पंचनाम्याचा कन्नड अर्ज भरायला बसलो, आणि तारखांसाठी तीच वही काढली.